दोन मिलिमीटरची हवा

“पिकअप बसलाय, मिस्त्री.” नांदेडच्या देगलूर नाक्यावरचं गॅरेज असो की लातूरच्या औसा रोडवरचं, गाडी लावताना गिऱ्हाईक एवढंच बोलतं. मिस्त्री गाडी मधल्या स्टँडवर चढवतो, दोनदा मूठ पिळून आवाज ऐकतो आणि स्कॅनरला हात लावायच्या आधी एअर फिल्टरचं झाकण उघडतो. जाणता मिस्त्री ओळखायचा तो इथे.

कारण या मुलखात इंजिनाला पहिला त्रास धुळीचा. सोयाबीनची रास सुरू झाली की मळणीयंत्राचा भुसा बांधावरून रस्त्यापर्यंत उडतो. उन्हाळ्यात काळ्या रानातली माती पिठासारखी होते. कागदी फिल्टरच्या घड्यांत हे सगळं गच्च बसतं. मग कुणीतरी हुशारी करून फिल्टरच काढून टाकतो. आवाज भारदस्त होतो, गाडी थोडी मोकळी पळाल्यासारखी वाटते. त्याच वाटेने आत गेलेली माती मात्र पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासत राहते. पुढे सायलेन्सरमधून निळा धूर दिसायला लागतो.

फिल्टरच्या पुढे रबरी नळी आणि नळीच्या टोकाला थ्रॉटल बॉडी. ॲल्युमिनियमचं आखूड नळकांडं आणि त्यात दांड्यावर फिरणारी धातूची चकती, बस्स. मूठ पिळणाऱ्याला वाटतं आपण पेट्रोल देतोय. पेट्रोल किती फवारायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, ठरवतो; हातात असते ती फक्त हवा. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ती थोडी कमी, साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे ताकदीचा हिशेब शेवटी हवेपाशीच येतो.

नळी काढली की चकतीच्या कडेला काळं, चिकट कडं दिसतं. ही घाण फिल्टरमधून येत नाही, इंजिनाच्या पोटातून येते. क्रँककेसमधली ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीने पुन्हा हवेच्या वाटेत सोडलेली असते, तिचाच हा थर. चकती बंद असताना केसाएवढ्या फटीतून जी हवा जाते तिच्यावर इंजिनाचं आयडलिंग चालतं. फट बुजली की सिग्नलला गाडी बंद पडते. घाईतला कारागीर इथे तारेचा ब्रश मारतो. काही थ्रॉटल बॉडींच्या आतून कारखान्यातच पातळ थर दिलेला असतो, तो खरवडला की काम कायमचं बिघडलं. नीट पद्धत कंटाळवाणी आहे: फडक्यावर क्लीनर घ्यायचा, कड पुसायची, सेन्सरवर फवारा जाऊ द्यायचा नाही, रंगाने सील केलेला स्क्रू फिरवायचा नाही. चारचाकीत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चकती बोटाने ढकलायची नाही, आतल्या गिअरचे दात जायची भीती.

पुसून झाल्यावर इंजिन उलट जास्तच फिरायला लागतं तेव्हा मालक घाबरतो. त्यात बिघाड काही नसतो. घाणीची भरपाई म्हणून ईसीयू जास्त हवा सोडायला शिकलेला असतो आणि ती सवय अजून सुटलेली नसते. स्कॅनर लावून ती पुसली, किंवा गाडी काही वेळ आयडलिंगवर ठेवली, की बहुतेक वेळा ठिकाणावर येते.

एवढ्याने समाधान झालं तर उत्तम. पण कॉलेजच्या पोरांना ‘मोठं थ्रॉटल’ हवं असतं. दीडशे सीसीच्या गाडीला २८ मिलिमीटरचं नळकांडं असेल तर लेथवर ते ३० करायचं, नवी चकती बसवायची. काम बोलायला सोपं. चकती वरवर गोल दिसली तरी ती किंचित लंबगोल असते आणि तिची कड तिरपी घासलेली असते; ते माप चुकलं की हवा गळते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही.

आणि मिळतं काय? गणित साधं आहे. दीडशे सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ८,००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त ६०० लिटर हवा ओढतं, सेकंदाला १० लिटर. ती एकूण वेळेच्या साधारण चौथ्या भागातच आत जाते, म्हणून २८ मिलिमीटरच्या भोकातून तिचा वेग सेकंदाला ६५ मीटरच्या घरात, म्हणजे ताशी २३० किलोमीटरवर पोचतो. ऐकायला भयंकर, पण या वेगापायी जाणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम सव्वादोन-अडीच टक्के. भोक ३० चं केलं की क्षेत्रफळ १५ टक्क्यांनी वाढतं आणि दाबातली बचत होते अर्ध्या टक्क्याच्या आसपास. वाड्याचा दिंडी दरवाजा रुंद केला तरी माजघराचं दार तेवढंच राहतं; पुढे व्हॉल्व्ह, पोर्ट, कॅम आणि सायलेन्सर जुनेच आहेत.

नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, लातूर बालाघाटाच्या पठारावर ६०० मीटरच्या वर. लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी लातूरला पोचेपर्यंत हवा दोन-अडीच टक्क्यांनी विरळ झालेली असते. लेथवाल्याला पैसे मोजून मिळवलेल्या हवेच्या कितीतरी पट हवा नुसत्या चढाने काढून घेतली, आणि स्वाराला त्याचा पत्ताही लागत नाही. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत तर पहाटेच्या २५ अंशांपेक्षा हवा पाच टक्के पातळ असते.

तरीही पोरगं शपथेवर सांगतं की गाडी उचलायला लागली. ते खोटं बोलत नाही. मोठ्या भोकात चकती तेवढीच फिरली तरी जास्त हवा सुटते. अर्ध्या मुठीत आधी मिळायचं ते आता त्याहून कमी मुठीत मिळतं. पूर्ण पिळल्यावर मात्र शेवटचा वेग जवळपास तोच.

धोका वेगळाच आहे. अनेक इंजेक्शन गाड्यांत थ्रॉटल जास्त उघडलेलं असताना ईसीयू चकतीचा कोन आणि आरपीएम बघून हवेचा अंदाज बांधतो. भोक वाढलंय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो जुन्या हिशेबाने पेट्रोल देतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, कधी ठोके देतं. ऑक्सिजन सेन्सर सावरतो, पण तो संथ चालीपुरता. म्हणजे भोक वाढवलं तर ईसीयूमधला पेट्रोलचा मॅप बदलणं आलं, आणि तो ताकद मोजणाऱ्या डायनोवर गाडी चढवून बदलायचा, कानाने नव्हे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बांधणीत फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

‘इंजेक्शन आलं आणि ट्यूनिंगची मजा गेली,’ हा जुन्या आरएक्स हंड्रेडवाल्यांचा सूर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, हे खरं. पण यंत्रापेक्षा जुळणी मोठी, याचा दाखला महाराष्ट्रातल्याच बजाजने दिलेला आहे: २००७ ची पल्सर २२० इंजेक्शनवर होती, २००९ मध्ये तीच कार्बोरेटरवर आली, आणि जाहीर केलेली ताकद घटण्याऐवजी थोडी वाढली.

लातुरातला अनुभवी मिस्त्री म्हणूनच लेथचा रस्ता दाखवत नाही. फिल्टर, प्लग, व्हॉल्व्हची सेटिंग, ढिला क्लच, घासणारा ब्रेक असा क्रम तो धरतो. एवढ्यानेही भागलं नाही तर पुढचं १५ दात्यांचं चेन स्प्रॉकेट काढून १४ चं लावा म्हणतो. हाही फेरफारच, पण चाकावरची ओढ ७ टक्क्यांनी वाढते. त्या बदल्यात हमरस्त्यावर इंजिन जास्त फिरणार आणि पेट्रोल जास्त पिणार, हेही तो पाना हातात घ्यायच्या आधीच सांगून ठेवतो.