अण्णांचं तोंड कोरडं पडलं तेव्हा

अण्णांच्या घशाच्या कर्करोगावर किरणांचे एकूण 33 शेक झाले. तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी टॉर्च लावून त्यांचं तोंड पाहणं हे माझं काम झालं. जीभ लालबुंद, गुळगुळीत. गालाच्या आतून दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसे पांढरे डाग. ओल्या गॉजने हलकेच पुसले की निघायचे, खाली सोलवटलेली कातडी दिसायची.

“कँडिडा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बुरशी. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडातही असते.”

मग ती एवढी वर्षं गप्प कशी राहिली? उत्तर अण्णांच्या कोरड्या तोंडात होतं. किरणांच्या वाटेत कानापुढच्या लाळग्रंथी आल्या होत्या आणि लाळ आटली होती.

तोवर लाळ म्हणजे घास भिजवणारं पाणी, एवढंच मला ठाऊक. दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटणाऱ्या या पाण्यात केवढा बंदोबस्त असतो! हिस्टॅटिन नावाची प्रथिनं बुरशीला मारतात. लॅक्टोफेरिन जंतूंना लागणारं लोह आधीच पकडून ठेवतं. लायसोझाइम जिवाणूंची भिंत कापतं. ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 साली जगापुढे मांडलं, पेनिसिलिनच्याही आधी. मला सगळ्यांत विलक्षण वाटली ती आयजीए ही प्रतिपिंडं. ती सहसा जंतूला मारायला जात नाहीत. त्याला लगडतात, गालाला किंवा दाताला चिकटू देत नाहीत, आणि आपण नकळत आवंढा गिळला की तो जंतू पोटातल्या आम्लात जातो. तोंडात शेकडो जातींचे जिवाणू कायमचे राहतात. त्या प्रत्येकाशी लढाई मांडली असती तर तोंड सदैव सुजलेलंच राहिलं असतं.

हिरडीची गोष्ट वेगळी. दात हा कातडी भेदून बाहेर आलेला अवयव, म्हणजे त्याच्याभोवती फट आलीच. त्या फटीतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तातून तोंडात अखंड उतरत असतात. मिनिटाला सुमारे 30 हजार असा अंदाज आहे. हिरडी दुखत नसतानाही. हे वाचलं त्या रात्री मी ब्रश करताना आरशासमोर बराच वेळ उभी राहिले.

लाळेची उणीव आम्ही हातांनी भरून काढायचो. खायच्या सोड्याच्या पाण्याच्या चुळा, बुरशीवरचं औषध, उशाशी पाण्याची बाटली. झोपेत लाळ एरवीही कमी सुटते, त्यामुळे अण्णांना पहाट सर्वांत जड जायची. जीभ टाळूला चिकटून जाग यायची.

आठव्या महिन्यात एका सकाळी टॉर्चच्या उजेडात त्यांच्या जिभेखाली ओल चमकली. थोडीशीच, पण मी पुन्हा वाकून पाहिली. अण्णांनी तोंड मिटलं, आवंढा गिळला आणि म्हणाले, “आज पेज नको. दुधात भाकरी कुस्कर.”