सातबारा : तर्कांतला आणि दप्तरांतला

बीड जिल्ह्यांतील कोणत्याहि तालुक्यांतला शेतकरी ‘सातबारा’ हा एकच शब्द समजून उच्चारतो. वस्तुतः तो दोन नोंदवह्यांचा जोड आहे. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे तें गांव नमुना सात सांगतो. त्या जमिनींत कोणत्या हंगामीं कोणतें पीक होतें तें गांव नमुना बारा सांगतो. विचारानें दोन असलेल्या गोष्टी कागदावर एकत्र आल्या आहेत. संगणकावर माहितीचा संग्रह, म्हणजे डेटाबेस, रचतांना ज्या दोन पायऱ्या मानतात, त्यांचें मर्म या साध्या उताऱ्यांत सांपडतें.

पहिली पायरी तार्किक रचनेची. तींत वही, पान किंवा यंत्र यांचा विचार नसतो. नोंदावयाच्या वस्तु कोणत्या व त्यांचा परस्परसंबंध काय, एवढेंच ठरवावयाचें. खातेदार ही एक वस्तु, जमिनीचा गट ही दुसरी. एका खातेदाराचे अनेक गट असतात आणि एका गटांत अनेक भावांचीं नांवें असतात. मग प्रत्येकाचा हिस्सा कोठें लिहावा? तो एकट्या खातेदाराचा गुण नव्हे, कीं एकट्या गटाचाहि नव्हे. तो दोहोंच्या संबंधाचा गुण आहे. म्हणून त्यासाठीं तिसरें कोष्टक हवें. ओळख पटविण्याचा प्रश्नहि येथेंच सुटतो. बारा क्रमांकाचा गट गेवराईकडील गांवांत असेल, तसा आष्टीकडीलहि असेल; गांव व क्रमांक मिळूनच गट निश्चित होतो. पिकाची नोंद तर वर्ष व हंगाम सांगितल्यावांचून निरर्थक होय. माहिती अशा कोष्टकांत बांधण्याचें शास्त्र एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलें. वस्तु व संबंध यांचीं चित्रें काढण्याची रीत पीटर चेन यांनीं १९७६ सालीं दिली.

दुसरी पायरी भौतिक रचनेची. तीच माहिती कशी ठेवावी, म्हणजे लवकर हातीं लागेल? सातबारा गटवार आहे. एका माणसाची सर्व जमीन पाहूं म्हटलें तर सगळी वही चाळावी लागेल. म्हणून आठ-अ हा खातेवार नमुना. त्यांत नवें सत्य नाहीं, सोय आहे. संगणकांत हेंच काम नांवांची सूची करते, किंवा बेरीज आधींच करून ठेवलेलें कोष्टक करतें.

परंतु सोयीला मोल पडतें. खातेदार वारला, वारसांची नोंद नमुना सहा म्हणजे फेरफाराच्या वहींत होऊन सातवर उतरली, पण आठ-अ वर जुनेंच नांव राहिलें, तर एकाच जमिनीचे दोन धनी दिसतात. पीककर्जासाठीं बँकेच्या दारीं उभ्या असलेल्या विधवेला या विसंगतीचें उत्तर कोठून देतां येणार? यास्तव एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी, आणि प्रत ठेवणें भागच पडलें तर ती मुळाबरोबर आपोआप बदलेल अशी तजवीज करावी, असा नियम आहे.

बीडच्या दप्तराचें बाह्यरूप अनेकदां पालटलें. निजामी अमदानींत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ सालीं जिल्हा मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्राचा झाला. २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करूं लागला. जमीन कोणाची, हिस्सा किती आणि पीक कोणतें, हे प्रश्न मात्र तेच राहिले. त्यांचा संबंध आधीं नीट जुळविला असेल, तर वही जाऊन यंत्र आलें तरी शेतकऱ्याचा हक्क हरवत नाहीं. तो जुळविला नसेल, तर यंत्र तीच चूक अधिक वेगानें करतें.