'अरण्य' शब्द आणि त्रिरश्मीवरील एकान्तवास

मराठी बायबलात यहूदियाच्या ओसाड मुलखाला 'अरण्य' म्हटले आहे. अरण्य म्हणजे दाट झाडी अशी समजूत असलेल्या वाचकाला हे भाषांतर सदोष वाटते. वस्तुतः त्यात शब्दाचा जुना अर्थच राखला गेला आहे. वैदिक भाषेत 'अरण' म्हणजे परका, दूरचा. त्यावरून 'अरण्य' म्हणजे वस्तीपलीकडचा प्रदेश, मग तेथे झाडे असोत वा नसोत. दण्डकारण्याचे नाव घेताच घनदाट वनराई कल्पिणाऱ्या आपण नाशिककरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

पाली विनयपिटकाची व्याख्याही याच वळणाची आहे. गाव आणि गावाचा परिसर वगळून जे उरते ते सर्व अरण्य. आरण्यक भिक्षूचे निवासस्थान गावापासून निदान 500 धनुष्ये दूर असावे. धनुष्य चार हातांचे धरल्यास हे अंतर सुमारे नऊशे मीटर भरते. ग्रीक 'एरेमोस' या शब्दाचाही मूलार्थ निर्जन असाच आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकाकी राहणाऱ्या ख्रिस्ती तापसांना त्यावरूनच 'एरेमितेस' हे नाव मिळाले. वाळू किंवा वृक्ष हे दोन्हीकडे आनुषंगिक होत. 'जंगल' शब्दाची कथा तर याहून उलटी आहे: आयुर्वेदातील 'जाङ्गल' देश हा अल्प पाण्याचा, विरळ झाडीचा, कोरडा देश होय. आणि 'अरण्य'पासून प्राकृत 'रण्ण'द्वारा आलेले आपले 'रान' तर शेतातही पोचले; शेतकरी 'रानात' जातो तो पिकाकडे.

अरण्य अंतरानेच ठरत असेल, तर एकान्तवासी वस्तीपासून किती तुटलेला होता, हा प्रश्न उरतो. त्याचे एक उत्तर नाशिकच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरवर, त्रिरश्मी डोंगरावरील (पांडवलेणी) दहाव्या लेण्यात कोरलेले आहे. नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष 42 मध्ये हे लेणे संघास दिले आणि त्यासोबत 3000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलास हात न लावता व्याजावर चालणारी ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींत ठेवली. पैकी 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी त्यातून 12 कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो: वर्षाचे व्याज 240, आणि वीस भिक्षूंचे बारा-बाराप्रमाणे 240. उरलेल्या 1000 वर पाऊण टक्का व्याज असून ते 'कुशणमूल' या बाबीसाठी होते. या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

भिक्षूचे जीवन साधे होते यात संशय नाही. वर्षाला बारा नाणी, तीही वस्त्रापुरती. पण त्या साधेपणामागे मागावर बसलेला विणकर होता. याच लेखसमूहात 'पोढि' म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके, हा शब्द येतो. काळ्या पाषाणाच्या त्या उघड्या कड्यावर बारमाही पाणी हवे, तर ते पावसाळ्यात साठवूनच ठेवावे लागे, आणि टाके खोदण्याचा खर्चही दात्याकडूनच येई.

'लेणे' (प्राकृत 'लेण', संस्कृत 'लयन') याचा मूलार्थ आश्रयस्थान असा आहे. आज मराठीत तो शब्द शिल्पाचा बोध करून देतो, निवासाचा नव्हे.