‘कधी येणार?’ असे विचारू नका!

मैत्रिणींनो, घरातल्या कुणाला बँकेत किंवा शाळेत नोकरी लागली की काय करायचे, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पेढे वाटायचे, देवापुढे साखर ठेवायची, नवे दोन शर्ट शिवायला टाकायचे आणि डब्याची वेळ ठरवून घ्यायची. पण घरातला माणूस लांबलचक ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून रुजू झाला, तर? गाडीला हार घालतो, नारळ फोडतो, लिंबू-मिरची बांधतो. त्यानंतर आपले काम संपले, असे मलाही वाटत होते. गेल्या वर्षी माझे धाकटे दीर या नोकरीला लागले आणि हा समज किती खोटा होता, ते कळले. ते शहाणपण जरा महागातच पडणार होते. थोडक्यात निभावले, म्हणून तर आज हे लिहायला बसले आहे.

आमचे नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे मुळी रस्त्यांचे गाव. पुण्याला, संभाजीनगरला, मनमाडला, सोलापूरला, कल्याणला, बीडला, दौंडला, कुठेही जा. रस्ता नगरातून फुटतो. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, तीही नगर-पुणे याच मार्गावर. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक. लाकडी बांधणीची, वर कापडी छप्पर असलेली ती गाडी पाहायला गावोगावी माणसे जमली, असे सांगतात. मला नेहमी वाटते, त्या दिवशी राऊतांच्या घरच्या बायकांच्या मनात काय चालले असेल? नवी नोकरी, नवी गाडी आणि सगळ्या रस्त्याचे डोळे आपल्या माणसावर! त्यांची हकीकत कुठे लिहिलेली नाही. घरची बाजू सहसा लिहिली जातच नाही.

परात आणि वरवंटा

भाऊजी आधी साखर कारखान्याचा ऊस वाहत. आपल्या जिल्ह्यात ते काम पुष्कळांच्या ओळखीचे. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून किती घरांच्या चुली या गाळपावर पेटल्या असतील! पण ते काम हंगामी. दिवाळीच्या आसपास सुरू होणार आणि उन्हाळा लागता लागता संपणार. म्हणून भाऊजींनी बारमाही नोकरी धरली. गाडी चाळीस फुटी सपाट ट्रेलरची.

आता तुम्ही म्हणाल, गाडी ती गाडी, त्यात एवढे काय? मीही तेच म्हणाले. तेव्हा भाऊजींनी स्वयंपाकघरात येऊन परात मागितली, तीत माझा वरवंटा ठेवला आणि परात फरशीवरून भर्रकन ओढून एकदम थांबवली. वरवंटा थांबला नाही. तो पुढच्या कडेवर जाऊन आदळला. “वहिनी, ही तर काठाची परात. माझ्या गाडीला काठच नाही,” ते म्हणाले.

साध्या ट्रकला बाजूला आणि मागे फाळके असतात. सपाट ट्रेलरला ते नसतात. पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या, सळया, पाइप, यंत्रांचे सुटे भाग असा अवजड माल क्रेनने वरून किंवा बाजूने ठेवता यावा, म्हणून तो उघडा असतो. एकेक गुंडाळी पंधरा-वीस टनांपर्यंतही भरते. तिला जागी धरून ठेवतात त्या साखळ्या, पट्टे आणि खाली ठोकलेले लाकडी ठोकळे. ब्रेक दाबला की गाडी थांबते, माल थांबायला तयार नसतो; आणि मालाच्या पुढे असते ड्रायव्हरची केबिन. म्हणून नव्या माणसाला पहिल्यांदा गाडी चालवायला नव्हे, माल बांधायला शिकवतात. बांधून निघाले की दहा-वीस किलोमीटरवर उतरून साखळ्या पुन्हा ताणायच्या, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि घट्ट वाटलेली साखळी सैल पडते. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर पुन्हा पाहायचे. ट्रेलर मागे घेणे हा आणखी एक धडा. मागचा भाग उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवायचे! भाऊजींनी आमच्या धाकट्याच्या खेळण्यातल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर याचा सराव केला, तेव्हा सारे घर हसले.

परवानाही एकदम मिळत नाही, बरं का. आधी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो, वयाची वीस वर्षे पूर्ण लागतात, डॉक्टरी दाखला लागतो. हा व्यावसायिक परवाना दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. ती तारीख कॅलेंडरवर आपणच मांडून ठेवावी; रस्त्यावरच्या माणसाला तिची आठवण राहत नाही.

तो फोन मी केला होता

आता मुख्य गोष्ट सांगते.

नोकरीचा दुसरा महिना. भाऊजी सळया भरायला जालन्याला गेले होते. तिथे माल भरायला दोन दिवस नंबरच लागला नाही. या कामात गाडी चालवण्याइतकाच वेळ ताटकळण्यात जातो, हे आपल्याला घरी बसून कळत नाही. ऊन, धूळ, क्रेनचा आवाज. झोप कसली लागते? आणि इकडे घरी त्यांच्या मुलाचा पाचवा वाढदिवस. जाऊबाईंनी दिवसभरात चार फोन केले. संध्याकाळी मुलगा रडायला लागला, तेव्हा पाचवा फोन मी लावला. “भाऊजी, पोर जेवत नाहीये हो. केक तसाच ठेवलाय. तुम्ही येणार कधी ते तरी सांगा.” पलीकडे क्षणभर कुणी बोलले नाही. मग म्हणाले, “वहिनी, सकाळपर्यंत येतो. सांगा त्याला.”

माल भरून व्हायला रात्रीचे साडेअकरा झाले. जालन्याहून नगर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. ते तसेच निघाले. नेवासा फाटा मागे पडला. पहाटेचे साडेतीन वाजले होते, क्लीनर शेजारी घोरत होता. घोडेगावच्या अलीकडे भाऊजींचा डोळा लागला. किती वेळ? त्यांनाही ठाऊक नाही. डावी चाके डांबर सोडून मुरमावर उतरली, गाडीला हादरे बसले, त्या हादऱ्यांनी जाग आली. गाडी थांबली तेव्हा समोर दहा पावलांवर बाभळीचे झाड होते. साखळ्या नीट ताणलेल्या होत्या, म्हणून सळया केबिनमध्ये घुसल्या नाहीत. पुढे इमामपूरचा घाट यायचा होता. तिथे डोळा लागला असता तर, हा विचार मी पुरा करीत नाही.

ते तिथेच आठ वाजेपर्यंत झोपले. दहाला घरी आले, पोराला उचलून घेतले आणि “पंक्चर झाली होती” असे सांगितले. खरी गोष्ट आठ दिवसांनी यांना, म्हणजे आपल्या भावाला सांगितली. यांनी मला सांगितली, तेव्हा माझ्या हातातले लाटणे तसेच राहिले. मालकाने त्या रात्री घाई केली नव्हती. घाई आम्ही केली होती. तो फोन मी केला होता.

झोप हाच खरा ब्रेक

झोपेशी कुणाची जिद्द चालत नाही. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर आपोआप मंदावते. चहा, पान, खिडकीतला वारा यांनी जरा बरे वाटते एवढेच, झोपेची भरपाई होत नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, त्यात सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली होती. कागदावरचे हे हिशेब रस्त्यावर किती पाळले जातात, ते ड्रायव्हरच्या घरात विचारा! १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या अवजड मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, ही चांगली गोष्ट. पण जुन्या गाड्या अजून वर्षानुवर्षे धावणार आहेत.

मालकाला काय सांगायचे ते ज्याचे त्याने सांगावे. आपल्या हातात आहे ते आपण करू या. आमच्या घरात आता काही नियम आहेत. तुम्हांलाही उपयोगी पडतील.

फोन आपण करायचा नाही, गाडी थांबली की त्यांनी करायचा. फारच निकड असेल तर निरोप पाठवून ठेवायचा; थांबल्यावर ते ऐकतील. बोलताना “कधी येणार?” हा प्रश्न नाही. “कुठे थांबलात? जेवलात का? झोप झाली का?” एवढेच. वाढदिवस, बारसे, सत्यनारायण यांच्या तारखा त्यांच्या सोयीने ठरवायच्या. पाचवा वाढदिवस सहाव्या दिवशी केला, तर पोराचे वय कमी होत नाही!

घरी आल्यावर पहिले काम झोप. दिवसा खिडकीला जाड चादर लावा, मिक्सर आणि दळण नंतर. “आलाच आहेस तर एवढा गॅस आणून दे,” हे सासूबाईंचे वाक्य आम्ही दोघी जावांनी गोड बोलून बंद पाडले आहे.

डबा असा द्या की ढाब्यावरच्या तेलकट जेवणाने सुस्ती येऊ नये. आपली जुनी दशमी आठवा. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालायचे, जरा जाडसर लाटून खरपूस भाजायची. पूर्ण गार झाल्यावर फडक्यात गुंडाळली तर दोन दिवस मऊ राहते. जोडीला शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, भाजलेले फुटाणे. कांदा चिरून देऊ नका, अख्खाच द्या.

पैशाचेही बोलून घ्या. नोकरी धरण्यापूर्वीच विचारायला हवे: पगार महिन्याचा की खेपेवर? भत्ता वेगळा की त्यातच? ताटकळण्याच्या दिवसांचे काय? जादा माल भरल्याचा दंड कोण भरणार? हा दंड थोडाथोडका नाही. कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० सांगितले आहेत. खेपेवर पगार असेल तर माणूस झोप मोडून खेपा वाढवतो, हे ध्यानात ठेवा. आम्ही थोडा कमी, पण महिन्याचा पगार पत्करला.

परवाना, आधार, विम्याचे कागद यांची एक प्रत घरात, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला अवघे २० रुपये बँक खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण मिळते. बोलायला नको वाटते खरे, पण आपण नाही तर कोण बोलणार?

चाकामागे आपणही

हे सारे मी ‘घरी थांबलेल्या बाई’च्या बाजूने लिहिले. पण चाकामागेही आपल्या बायका बसल्या आहेत. योगिता रघुवंशी मूळच्या आपल्या नंदुरबारच्या, लग्न होऊन भोपाळला गेलेल्या. वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण झालेले. २००३ साली पतीचे अपघाती निधन झाले. पदरात दोन मुले आणि पतीचा ट्रकचा व्यवसाय. ड्रायव्हर ठेवला, तर तो हैदराबादकडे अपघात होताच गाडी टाकून निघून गेला. त्या स्वतः तिथे गेल्या, गाडी दुरुस्त करून घेऊन आल्या आणि मग स्वतःच ट्रक चालवायला शिकल्या. मुलांना घरी ठेवून त्यांनी राज्याराज्यांतून माल वाहिला. एसटीतही जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर गाडी चालवली. त्यांच्याही घरी कुणी तरी वाट पाहत असेलच. “आई, कधी येणार?” हा प्रश्न तर आणखी जड!

माझ्या वर्गात निम्मी मुले ड्रायव्हरांची. आता भूगोलाच्या तासाला मी भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावते. ज्याचे वडील जिथे असतील तिथे त्याने टिकली लावायची. मुलांना वाट पाहायला एक जागा मिळते आणि गावांची नावेही पाठ होतात.

परवा भाऊजींचा रात्री फोन आला. सिन्नरच्या पुढे थांबले होते. जाऊबाईंनी विचारले, “जेवलात का?” मग माझ्याकडे पाहून जरा हसल्या आणि म्हणाल्या, “झोपा आता. दार उघडायला आम्ही कुठे पळून चाललोय?”