परीक्षा आणि चित्रपटाचा उत्तरभाग

परीक्षेच्या दिवसांत चित्रपटगृहाचें नांव काढणें हा आपल्या घरांतून अद्यापि अपराध समजला जातो. परंतु हल्लीं परीक्षेस बसणारा माणूस केवळ शाळकरी राहिलेला नाहीं. दिवसभर कचेरींत राबून रात्रीं पुस्तक उघडणारा चाळिशींतला गृहस्थ, किंवा मुलें मोठीं झाल्यावर पुन्हां नोकरी शोधणारी गृहिणी, हीं दोघेंही आज संगणकाच्या परीक्षांचे उमेदवार आहेत. त्यांच्या अभ्यासाच्या आड चित्रपट यावा कीं न यावा, याचा विचार आम्हांस एका विवक्षित चित्रपटाच्या आधारें करावयाचा आहे.

एम्. एस्. सी. आय. टी. चें नांव महाराष्ट्रांत घरोघर परिचित आहे. आम्हांस अभिप्रेत असलेल्या परीक्षा त्यापुढच्या पायरीच्या. सिस्को कंपनीनें सी. सी. एन्. ए. ही परीक्षा १९९८ सालीं सुरू केली. काँपटिया या अमेरिकन संस्थेची सिक्युरिटी प्लस २००२ पासून चालू आहे. या दुसरींत ९० मिनिटांत जास्तींत जास्त ९० प्रश्न सोडवावयाचे असतात आणि १०० ते ९०० या मोजणींत ७५० गुण मिळाले तरच उमेदवार उत्तीर्ण होतो. शिवाय दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांची. एकदां पदवी पदरांत पडली कीं जन्माची निश्चिंती, हा जुना हिशेब येथें चालत नाहीं.

आतां चित्रपटाकडे वळूं. वॉचोव्स्की भावंडांचा 'द मॅट्रिक्स' १९९९ सालीं निघाला आणि त्याचा उत्तरभाग 'द मॅट्रिक्स रिलोडेड' मे २००३ मध्यें. त्यांत मारामारी पुष्कळ आहे, आणि कांहीं प्रसंग लहान मुलांसमोर पाहण्याजोगे नाहींत. तथापि एक लहानसा प्रसंग अभ्यासकाच्या फार उपयोगाचा आहे. ट्रिनिटी ही नायिका वीजपुरवठ्याच्या संगणकांत शिरते, तो हा प्रसंग.

संगणक म्हणजे एक प्रचंड वाडा आहे अशी कल्पना करावी. त्याच्या दारांस पोर्ट म्हणतात व त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. कोणतें दार उघडें आहे हें तपासणारें 'एनमॅप' नांवाचें साधन गॉर्डन लायन यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलें. ट्रिनिटी तेंच वापरते आणि तिला २२ क्रमांकाचें दार उघडें आढळतें. हें दार 'एस्. एस्. एच्.' या व्यवस्थेचें. फिनलंडमधील टाटू यलोनेन यांनीं ती १९९५ सालीं, परक्यास परवलीचा शब्द वाटेंत चोरतां येऊं नये म्हणून निर्माण केली. तिच्या पहिल्या आवृत्तींतील एक दोष फेब्रुवारी २००१ मध्यें उघडकीस आला. नायिका त्याचाच फायदा घेऊन परवलीचा शब्द बदलून टाकते.

चित्रपट निघाला तेव्हां हा दोष जाहीर होऊन दोन वर्षें झालीं होतीं. कडी मोडली आहे हें ठाऊक असून जो ती दुरुस्त करीत नाहीं, त्याचें घर फोडण्यास चोर फारसा हुशार असावा लागत नाहीं. आपली बँकेंतील ठेव आणि रुग्णालयांतील कागद आज अशाच दारांआड असतात. त्या दारांची राखण करणाराची परीक्षा म्हणूनच हलकी असून चालत नाहीं.

ज्यानें आदल्या आठवड्यांत 'बावीस' हा आंकडा समजून घेतला, त्यास तो पडद्यावर ओळखीच्या माणसासारखा भेटतो. ज्यानें फुटलेल्या प्रश्नांचीं उत्तरें घोकलीं, त्यास नुसतीं अक्षरें दिसतात. अशी घोकणी परीक्षेच्या नियमांस सोडून आहेच. पण तिचा खरा तोटा असा कीं, मोडलेली कडी समोर आली तरी ती ओळखतां येत नाहीं. मात्र नायिकेचें अनुकरण परक्याच्या संगणकावर करूं नये. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६ व्या कलमान्वयें त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

उत्तरभाग ही वस्तु आपणांस नवी नाहीं. भवभूतीनें 'महावीरचरित' लिहिलें आणि रामाचें पुढील चरित्र 'उत्तररामचरितां'त सांगितलें. त्याच्या पहिल्याच अंकांत राम, सीता आणि लक्ष्मण पूर्वायुष्याचीं चित्रें पाहतात. प्रेक्षकाची उजळणी होते, आणि तीं चित्रें पाहूनच सीतेस पुन्हां वनांत जाण्याची इच्छा होते. तेथून पुढील करुण कथा चालूं लागते. खरी उजळणी अशी असते: जुनें आठवतां आठवतां नव्यास वाट मिळते. दर तीन वर्षांनीं प्रमाणपत्र नवें करणें हाही उत्तरभागच होय. पूर्वभाग ज्याच्या मनांत जिवंत आहे, त्यास तो जड जात नाहीं.

म्हणून आमची सूचना इतकीच. परीक्षेची आदली रात्र झोंपेसाठीं ठेवावी. त्यापूर्वींच्या एखाद्या रविवारीं, ठरविलेला धडा पुरा झाल्यावर, चित्रपट अवश्य पाहावा. तो दोन तास अठरा मिनिटांचा आहे. पूर्वभाग पाहिला नसेल तर आधीं तो पाहावा. दुसऱ्या दिवशीं वीजकेंद्राचा तो प्रसंग पुस्तक मिटून घरांतल्या कोणास तरी समजावून सांगावा. आई किंवा वडील ऐकावयास बसले तर फारच उत्तम. त्यांच्या साध्या प्रश्नांस उत्तर देतां आलें, तर अभ्यास झाला असें खुशाल समजावें.