मुरुमांवरील वनस्पतिजन्य लेप

मुरुमांवरील वनस्पतिजन्य लेप म्हणजे चेहऱ्यावरील मुरुम (तारुण्यपिटिका) बरे व्हावेत म्हणून मुळे, साल, पाने, बिया इत्यादी उगाळून वा वाटून त्वचेवर लावण्याचा पारंपरिक उपचार होय. आयुर्वेदीय ग्रंथांत त्याचे उल्लेख आढळतात. रत्नागिरीसह कोकणात तो घरगुती रूपातही प्रचलित आहे.

ग्रंथांतील उल्लेख

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांच्या अध्यायात, या विकारास ‘मुखदूषिका’ म्हटले आहे. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुटकुळ्यांना तेथे काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली असून कफ, वात व रक्त ही त्यांची कारणे सांगितली आहेत. शार्ङ्गधरसंहितेत लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप सांगितला आहे.

कोकणातील घरगुती लेप

सहाणेवर दुधात उगाळलेले जायफळ हा परिचित लेप आहे. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांतून जायफळ आंतरपीक म्हणून घेतले जाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याच्या ‘कोकण सुगंधा’ व ‘कोकण स्वाद’ या जाती विकसित केल्या आहेत. याखेरीज चंदन, आंबेहळद, तुळस आणि कडुनिंबाचा पाला वापरतात. लेप पातळ लावून सुकल्यावर धुतात.

परिणामकारकता

त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव वाढणे, रोमकूपाचे तोंड बंद होणे, तेथे जिवाणूंची वाढ होणे आणि दाह यांतून मुरुम उद्भवतात. हळद व कडुनिंब यांच्या अर्कांत जिवाणुरोधक व दाहशामक गुण प्रयोगशाळेत आढळले आहेत. मात्र घरगुती लेपातील मात्रा अनिश्चित असल्याने तेवढ्यावरून गुण येईलच असे म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२४ रुग्णांच्या चाचणीत ५ टक्के टी-ट्री तेल बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा सावकाश, पण उपयुक्त ठरले. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत मात्र पूरक उपचारांविषयीचा एकूण पुरावा दुर्बल ठरला.

सावधगिरी

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, असे नव्हे. जायफळाने काहींच्या त्वचेची आग होते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. बिब्ब्याच्या तेलाने फोड येतात. ते चेहऱ्यास लावू नये. नवा लेप प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडासा लावून एक-दोन दिवस पाहावे. खोल, दुखऱ्या गाठींसारखे मुरुम कायमचे व्रण ठेवतात. अशा वेळी केवळ लेपांवर विसंबून काळ घालविल्यास हानी भरून येत नाही. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला लवकर घेणे आवश्यक ठरते.