हुकूमनामा झाला म्हणजे सारे संपले काय?

मंडळी, पाडव्याला साल ठरते. सालगडी मालकाकडून उचल घेतो, तीतून मुलीचे लग्न उरकतो किंवा घरावर पत्रे टाकतो, आणि वर्षभर राबून ती फेडावयाची असे बोलणे होते. पुढे दिवाळीच्या सुमारास काही बिनसते. गडी म्हणतो, "माझी उचल फिटली." मालक म्हणतो, "वहीत अजून चाळीस हजार येणे आहे." गडी साल सोडून दुसऱ्या गावी जातो. दोन वर्षांनी एके सकाळी कोर्टाचा बेलीफ दारात उभा राहतो आणि सांगतो, "तुझ्यावर हुकूमनामा झाला आहे, जप्तीची दरखास्त लागली आहे." गड्याला दावा झाल्याचेच ठाऊक नसते!

हा प्रसंग मी समजावण्यासाठी रचला आहे. पण यातला गडी पुढे काय करतो, यावर त्याचे सारे अवलंबून असते. बहुधा तो दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर सावकाराकडे धावतो आणि एका कर्जातून दुसऱ्यात पडतो. नाही तर कपाळाला हात लावून गप्प बसतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हुकूमनामा हा कोर्टाचा शब्द खरा, पण तो नेहमीच शेवटचा शब्द नसतो. तो फिरविण्याची वाट कायद्यानेच ठेवलेली आहे. मात्र त्या वाटेवर दिवस मोजलेले असतात.

प्रथम एक गैरसमज काढून टाकू. "समन्स घेतलेच नाही तर दावा चालणार कसा?" असे गावात सर्रास म्हणतात. अहो, दावा खुशाल चालतो! समन्स घेण्यास नकार दिला तर बेलीफ ते दारावर चिकटवतो, तसा अहवाल कोर्टात देतो, आणि समन्स लागले असे धरले जाते. आपण घरी नसताना घरातल्या सज्ञान माणसाने, मग ती बाई का असेना, समन्स घेतले तरी ते लागू पडू शकते. नेमल्या तारखेला प्रतिवादी हजर नसला म्हणजे कोर्ट वादीचेच ऐकून निकाल देऊ शकते. यालाच एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. म्हणून कागद घ्यावा, तारीख पाहावी आणि त्या दिवशी कोर्टात उभे राहावे. आपली बाजू लेखी मांडावयाची, म्हणजे कैफियत द्यावयाची, तिला समन्स लागल्यापासून साधारण तीस दिवस मिळतात.

आता एकतर्फी निकाल झालाच, तर काय करावे? दारे दोन आहेत.

पहिले दार त्याच कोर्टाचे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, हिच्या नवव्या आदेशातील तेराव्या नियमाप्रमाणे एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो. कारण दोहोंपैकी एक दाखवावे लागते: समन्स रीतसर लागलेच नाही, किंवा समन्स लागले पण हजर न राहण्यास पुरेसे कारण होते. दवाखान्यात पडून होतो, पुराने वाट बंद होती, अशी खरी आणि कागदाने दाखविता येणारी कारणे चालतात. "कामात होतो" हे चालण्यासारखे नाही. समन्स देण्यात किरकोळ उणीव राहिली, पण तारीख आपल्याला वेळेवर कळली होती, तर त्या उणिवेचा फायदा मिळत नाही. या अर्जाची मुदत हुकूमनाम्यापासून तीस दिवस. समन्स रीतसर लागले नसेल, तर हुकूमनामा आपल्याला कळला त्या दिवसापासून तीस दिवस. आमच्या गड्याचे तीस दिवस बेलीफ दारात आला त्या सकाळपासून सुरू झाले! अर्ज मंजूर झाला तर दावा पुन्हा उभा राहतो. कोर्ट त्यासाठी खर्च किंवा काही रक्कम भरावयाची अट घालू शकते. अर्ज फेटाळला तर त्यावरही अपील आहे.

दुसरे दार वरच्या कोर्टाचे, म्हणजे अपिलाचे. जिल्हा न्यायालयात अपील करावयाचे तर मुदत तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद दिवस. निकालाची नक्कल मिळण्यास जे दिवस लागतात ते यातून वगळतात; म्हणून नकलेचा अर्ज निकाल कळताच टाकावा. अपिलात "मला बोलावलेच नाही" यापेक्षा "हिशेबच चुकीचा आहे" हे सांगावयाचे असते. एक ध्यानात ठेवा: अपिलाचा निकाल लागून गेला की पहिले दार बंद होते. तेव्हा आधी कोणते ठोठवावयाचे हे वकिलाला विचारून ठरवावे. मुदत टळली असेल, तर उशिराचे खरे कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो. पण दिवसामागे दिवस घालवून मग माफी मागणे शहाणपणाचे नव्हे.

आणखी एक. नुसते अपील केले म्हणजे जप्ती थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो.

दावा पुन्हा उभा राहिला की खरा प्रश्न येतो हिशेबाचा. उचल किती घेतली? मजुरी किती ठरली? किती महिने काम केले? किती वळती झाली? मालकाची वही हा पुरावा असला, तरी नुसत्या वहीतल्या नोंदीवरून कोणावर देणे बसविता येत नाही. तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. आणि मुदतीचा कायदा, १९६३, याप्रमाणे उसन्या पैशाच्या दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मर्यादा आहे. मात्र ती तीन वर्षे सरण्याच्या आत आपण "येणे कबूल" असे लिहून सही केली, तर मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. न वाचता अंगठा देऊ नका, हे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

काही उचल तर मुळात कर्ज म्हणून उभीच राहत नाही. उचल फिटेपर्यंत काम सोडावयाचे नाही, दुसरीकडे जावयाचे नाही, अशी सक्ती असेल, तर ती वेठबिगारी ठरू शकते. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६, याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपविली आहे, आणि त्याच्या वसुलीसाठी दिवाणी दावा चालत नाही. हे वेठबिगारीचे कर्ज नव्हे, असे सिद्ध करण्याचा भारही कायद्याने धनकोवरच टाकला आहे. प्रत्येक उचल अशी नसते. पण असेल तर गप्प बसू नये, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

समजा, सारे करूनही हुकूमनामा कायम राहिला. तरी घरदार उचलून नेतील अशी धास्ती घेऊ नये. संहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, मजुराची मजुरी आणि शेतकऱ्याचे वा मजुराचे राहते घर यांवर अशी जप्ती येत नाही. शेतकऱ्याची औते आणि कोर्टाला जरूर वाटतील ती जनावरे व बी-बियाणे यांनाही तेच संरक्षण आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. आणि ज्याच्याजवळ खरोखरच काही नाही, त्याला केवळ गरिबीपायी तुरुंगात घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितले आहे.

"वकिलाला पैसे कोठून आणू?" हा प्रश्न उरतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, वेठबिगारीत सापडलेले आणि ठरीव मर्यादेखालील उत्पन्नाचे लोक यांना फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते; तेथे साधा अर्ज करावा. लोकअदालतीत तडजोडही होते. पण तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून आकडा पुरता पटल्याखेरीज सही करू नये.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावात कोर्टाचा कागद आला की तो पुष्कळदा प्रथम तुमच्याच हाती वाचावयास येतो. तो नुसता वाचून परत देऊ नका. कोर्ट कोणते, दावा क्रमांक काय, तारीख कोणती, हे त्या माणसाला नीट सांगा. कागद हाती पडला तो दिवस त्याच्यासमोर लिहून ठेवा. तेथून तीस दिवस मोजून दाखवा, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला तालुक्याला धाडा. चाळीस हजार देणे आहे की नाही हे कोर्ट ठरवील. पण ते ठरविताना आमचा गडी तेथे उभा असला पाहिजे.